टवके उडवून मिळतील

आमच्या भूम गावच्या उन्हाचं अक्षरांशी काहीतरी जुनं वैर आहे. मार्चमध्ये रंगवलेली तांबडी पाटी पुढच्या मार्चपर्यंत गुलाबी होते, त्याच्या पुढच्या मार्चला पांढुरकी. दुकानदाराच्या नावातलं पहिलं अक्षर त्याने हौसेनं सगळ्यात मोठं काढून घेतलेलं असतं, पापुद्रे सोडायला तेच सगळ्यात आधी लागतं. पावसाचा भरवसा नाही, पण आलाच तर पाटीवर तिरपा येतो. उरलेलं काम धूळ, एसटीचा धूर आणि तोंडात पान धरून बोलणारी मंडळी मिळून उरकतात. म्हणजे अक्षर झिजवण्याची सोय इथं फुकट आणि जागेवर आहे, त्यासाठी कुठं अर्जही करावा लागत नाही. तरीसुद्धा हल्ली फ्लेक्सच्या दुकानात एक नवीच मागणी ऐकू येते. "मालक, अक्षर जरा फोडा की!"

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. (पाहिलेला सगळ्यांनीच असतो, नाव माहीत नसतं.) अक्षर मुळात ठणठणीत, जाडजूड, तालमीतलं असतं. मग त्याच्या कडा कुरतडायच्या, पोटात पांढरे ठिपके पाडायचे. शिरोरेषा मध्येच तोडायची आणि जराशी जागा सोडून पुन्हा सुरू करायची. काना खाली येता येता ब्रशमधला रंग संपल्यासारखा फरकटवायचा. जगात याला डिस्ट्रेस्ड टाइपफेस म्हणतात. आमच्याकडे ‘फुटका फॉन्ट’ म्हणतात, आणि फोडण्याचे वेगळे पैसे पडतील असं कळलं की गिऱ्हाईक लगेच म्हणतं, "मग थोडाच फोडा." हे अक्षर फक्त मोठ्या आकारात शोभतं. दहा बाय पंधराच्या फ्लेक्सवर ते रांगडं दिसतं, पण तेच पावतीपुस्तकावर छापलं तर लोक छापखानेवाल्याला विचारतात, शाई संपली होती का?

याचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक म्हणजे नवे ढाबे. काल नारळ फोडला, आज उद्‌घाटन, आणि पाटी बघावी तर निजामाच्या काळापासून उन्हात उभी असल्यासारखी. ‘अस्सल गावरान’, ‘चुलीवरचं मटण’, ‘वाडा’, ‘पाटलाचं’ हे शब्द साध्या अक्षरात लिहिले तर बहुधा पंचायत समिती नोटीस काढत असावी, इतक्या निष्ठेनं ते फुटक्या अक्षरात येतात. आत गेल्यावर गॅसचा निळा जाळ दिसतो. चूल असते ती पाटीवरच्या अक्षरात.

दुसरे गिऱ्हाईक वाढदिवसवाले. ‘ढाण्या वाघ’ वयानं बावीस वर्षांचा असतो, पण त्याचं नाव तीनशे वर्षांपूर्वी कातळात कोरून मधल्या काळात त्यावर तोफा डागल्यासारखं दिसतं. नावाभोवती शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो असतात आणि त्यातला प्रत्येक चेहरा सॉफ्टवेअरनं घासून गुळगुळीत केलेला असतो. चेहऱ्यावरचे फोड घालवायचे आणि अक्षरावर आणायचे, ही दोन्ही कामं एकाच संगणकावर, एकाच माणसाच्या हातून, एकाच बैठकीत होतात. त्या माणसाला याचं काहीही वाटत नाही. त्याला संध्याकाळच्या आत आणखी चार वाघ छापायचे असतात.

एकदा त्या दुकानात बसलो असताना दोन गिऱ्हाइकं एकाच बाकावर शेजारी आली. एकाचं नवं रसवंतीगृह होतं, त्याला पाटी ‘जुनी दिसायला पायजे’ होती. दुसरे कापडाचे जुने व्यापारी. त्यांच्या दुकानाची वडिलांच्या वेळची लाकडी पाटी खरोखरच टवके उडून गेलेली, आणि ते टवके मी लहानपणापासून बघत आलो होतो. त्यांना सोनेरी, फुगीर, मागून उजेड आल्यासारखी अक्षरं हवी होती. रसवंतीवाला म्हणाला, "काका, तुमची जुनी पाटी लई भारी हाय, मला द्या." काका म्हणाले, "ने बाबा. माझा बाप गेला तेव्हापासनं म्हणायलोय, लाज वाटती तिची." व्यवहार तिथल्या तिथं होण्यासारखा होता, पण पाटीवर कापडवाल्याचं आडनाव होतं आणि रसवंतीवाल्याला ‘फक्त फुटणं’ पाहिजे होतं, नाव नको होतं.

आता खव्याचं घ्या. भूम तालुका खव्याचा. भट्ट्यांवर दूध आटतं, इथला खवा लांबलांबच्या शहरांत जातो आणि कुंथलगिरीच्या खव्याला तर भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. खव्याची सगळी प्रतिष्ठा तो आजचा असण्यात आहे. कालचा खवा विकायचा तर त्याचा पेढा करावा लागतो, आणि परवाच्या खव्याविषयी बोलू नये. पण हल्लीच्या डब्यांवर, खोक्यांवर ‘शुद्ध’, ‘पारंपरिक’ ही अक्षरं बघा. कडा खाल्लेल्या, पोटात ठिपके, खाली काजळीचा हात. खवा ताजा पाहिजे आणि अक्षर शिळं पाहिजे. माझ्यासारखा माणूस डबा हातात घेऊन आधी अक्षराकडे बघतो आणि मग नकळत वास घेतो.

खरी झिजलेली अक्षरं बघायची असतील तर ती भिंतींवर होती. सत्तरच्या दशकात महाराष्ट्रभर गावोगाव भिंतीवर गेरूनं लिहिलेलं असायचं: देवीचा रोगी कळवा आणि हजार रुपये मिळवा. १९७७ साली भारत देवीमुक्त जाहीर झाला, पण भिंतीवरच्या अक्षरांना ते कुणी कळवलं नाही. पुढं कितीतरी वर्षं ती तशीच राहिली. आधी ‘कळवा’ गेलं, मग ‘रोगी’ फिकटलं, आणि काही ठिकाणी बराच काळ फक्त ‘हजार रुपये मिळवा’ एवढंच उरलं. वाचून लोक उगाच त्या भिंतीपाशी घुटमळायचे. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोणही असाच टिकून राहिला. ज्या घराच्या भिंतीवर तो होता त्या घरात किती पोरं झाली हे मोजायची गावाला सवय होती. यातल्या एकाही अक्षराला कुणी मुद्दाम फोडलं नव्हतं. त्यांना फक्त कुणी पुसलं नव्हतं.

आणि जे पुसायचं नाही ते मात्र आपण हटकून रंगवतो. गावाबाहेरची वीरगळ, देवळाच्या उंबऱ्याचा दगड, एखादा कोरीव लेख, काहीही असो, यात्रा जवळ आली की त्याला ऑइलपेंट बसतो. शेकडो वर्षांत ऊनपावसानं जी झीज दिली ती निळ्या नाहीतर भगव्या रंगाच्या तीन हातांखाली गडप. त्याच यात्रेच्या स्वागतकमानीवर फ्लेक्स लागतो आणि त्यावरचं अक्षर दगडात कोरून झिजल्यासारखं असतं. कमान आणि दगड यांच्यात पन्नास पावलांचं अंतर असतं. ते चालून जाऊन कुणी दोन्ही सोबत बघत नाही, म्हणून बरं चाललंय.

२०२३ मध्ये आमच्या जिल्ह्याचं नाव उस्मानाबादचं धाराशिव झालं. त्यानंतर कितीतरी पाट्यांवर जुन्या नावावर नवा रंग चढला आणि वर नवं नाव आलं. पेंटरनं खालचा हात पातळ मारला असेल तर एका पावसाळ्यानंतर दोन्ही नावं एकमेकांतून डोकावायला लागतात. कुठल्याही फॉन्टवाल्यानं बसून करावा असा नमुना आहे तो. आमच्या गाड्या मात्र पहिल्यापासून एमएच-२५, त्यांना काही फरक पडला नाही.

फुटक्या अक्षराची ही हौस आपल्याकडे उगवलेली नाही. अमेरिकेत १९९० च्या सुमारास संगणकावर अक्षरं फार स्वच्छ, फार सरळ यायला लागली आणि तिथल्या पोरांना त्याचा कंटाळा आला. बॅरी डेक नावाच्या विद्यार्थ्यानं कपडे धुवायच्या दुकानातली एक ओबडधोबड पाटी पाहिली आणि तिच्यावरून ‘टेम्प्लेट गॉथिक’ नावाचं अक्षर केलं. हॉलंडच्या एरिक व्हॅन ब्लॉकलंडनं टंकलेखन यंत्राची मळकट, शाई साचलेली अक्षरं उचलून ‘ट्रिक्सी’ केलं. डेव्हिड कार्सन ‘रे गन’ नावाच्या संगीतविषयक मासिकाची मांडणी करायचा. त्याला एका गायकाची मुलाखत इतकी कंटाळवाणी वाटली की त्याने १९९४ मध्ये ती सगळीच्या सगळी अक्षरांऐवजी चिन्हांच्या फॉन्टमध्ये लावून टाकली. म्हणजे फुली, हात, कात्री, फूल. वाचता येणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे काही दिवाळी अंकांतल्या लेखांना ही सवलत मिळायला हरकत नव्हती. त्याच्याही आधी, १९८२ साली, ख्रिस कॉस्टेलो नावाच्या तेवीस वर्षांच्या मुलानं खरखरीत कागदावर हातानं काढलेली ‘पपायरस’ ही अक्षरं पुढं प्रत्येक संगणकात जाऊन बसली. कडा कुरतडलेलं ते इंग्रजी अक्षर तुम्ही मालिश केंद्रावर, योगवर्गावर नाहीतर मुंबईच्या नातेवाइकाच्या लग्नपत्रिकेवर पाहिलेलंच आहे. ‘अवतार’ सिनेमाच्या नावालाही त्याच्यावरच बेतलेलं अक्षर होतं. इतका पैसा खर्च केला, आणि फॉन्ट संगणकाबरोबर फुकट आलेला!

पण त्या बॅरी डेकनं एक गोष्ट केली होती. त्यानं खरी पाटी बघितली होती. आमचा फ्लेक्सवाला तसं करत नाही. देवनागरीचा फुटका फॉन्ट बनवणं जिकिरीचं आहे. इंग्रजीत मोठी-लहान मिळून बावन्न अक्षरं फोडली की मोठं काम संपलं. आपल्याकडे अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, रफार, वेलांट्या धरून शेकड्यांनी आकार होतात, आणि प्रत्येकाला वेगळा टवका पाडायचा तर माणूस म्हातारा होईल. म्हणून तो कोरल ड्रॉमध्ये साधं ठोकळा अक्षर घेतो, इंटरनेटवरून पोपडे आलेल्या भिंतीचा फोटो उतरवतो आणि पॉवरक्लिप मारून भिंत अक्षरात भरतो. ती भिंत ब्राझीलची असते, पोलंडची असते, कुठलीही असते. त्याच्या दुकानाच्या दारात उभं राहिलं की समोर पोपडे धरलेली, गेरू उडालेली, वर पिंपळ उगवलेली अस्सल भिंत दिसते. मी एकदा म्हटलं, हिचाच फोटो काढ की. तो म्हणाला, "हिच्यावर लघवी करू नये असं लिहिलंय. ते पण अक्षरात येतंय."

ज्यांनी तयार फुटका फॉन्ट आणलाय त्यांची चोरी वेगळ्या ठिकाणी पकडता येते. फ्लेक्सवर ‘दादा’ हा शब्द शोधा. शोधावा लागणार नाही. पहिल्या ‘द’च्या पोटाला डावीकडे टवका असतो आणि दुसऱ्या ‘द’ला अगदी त्याच ठिकाणी, त्याच मापाचा टवका असतो. दोन्ही कान्यांना खाली सारखीच चीर. खऱ्या भिंतीवर ऊन असं हिशेबानं पडत नाही. चांगले फॉन्टवाले एकेका अक्षराचे दोन-तीन फुटके अवतार देतात आणि ते आळीपाळीनं आपोआप येतात, पण आमच्याकडे येणारा फॉन्ट कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेला असतो, त्यात एवढी चैन नसते. तेव्हा काका, मामा, बाबा, दादा ही सगळी वडीलधारी मंडळी जोडीनं आणि एकाच जागी फुटतात.

देवनागरीत टवका पाडणं तसं जोखमीचंच. इंग्रजीत ठिपका पडला तर तो ठिपका असतो. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर पडला की त्याला अनुस्वाराचे हक्क मिळतात. कृषी सेवा केंद्राच्या पाटीवर ‘खत’ या शब्दावर शोभेचा एक डाग चुकून वर सरकला आणि बरेच दिवस तिथं खंत विकत मिळत होती. भावाबद्दल शेतकऱ्यांची तक्रार होतीच, त्यामुळं पाटी कुणाला चुकीची वाटली नाही. वेलांटीचं तर आणखी अवघड. वरची कमान उडाली की दीर्घ वेलांटीचा काना होतो. शिशाचे खिळे जुळवून लग्नपत्रिका छापायच्या तेव्हा ही कमान खिळ्याच्या बाहेर डोकवायची, म्हणून आधी तीच मोडायची. मग पत्रिकेत काका आणि काकी अशी जोडी लावलेली असे आणि छापून येताना काका आणि काका यायची. मामीचा मामा, आजीचा आजा. मुद्रितं तपासणाऱ्याचं लक्ष नसलं तर एका पत्रिकेत सगळ्या घरातल्या बायका नाहीशा व्हायच्या. तेव्हा छापखानेवाला ओशाळून खिळा बदलायचा. आता तेच मोडकं अक्षर आपण पैसे मोजून मागवतो.

नाटकांच्या जाहिरातींची अक्षरं कमल शेडगे हातानं काढायचे. नाटक गंभीर आहे, फार्स आहे की रहस्य आहे, ते नावाच्या अक्षरावरूनच कळायचं. त्यांना अक्षर तोडावंसं वाटलं तर त्या नाटकात तसं काहीतरी तुटलेलं असायचं. २०२० मध्ये ते गेले. हल्ली तुटलेलं काही असो नसो, अक्षर आधी तुटतं.

फुटक्या अक्षराला अजूनही खरा मान आहे तो एकाच ठिकाणी, सरकारी शिक्क्यात. रबर झिजलेला, शाईचा पॅड कधी कोरडा कधी ओलागच्च, आणि शिक्का मारणारा मनगटातून मारणारा. गोल शिक्क्याचा डावा अर्धा भाग छापला जातो, उजव्या बाजूला गाव उमटत नाही, खाली जावक क्रमांकाच्या जागी काळा डोह. अशा शिक्क्यावर आपला माणूस डोळे मिटून विश्वास ठेवतो. चुकून एखाद्या दाखल्यावर गोल, स्वच्छ, सगळी अक्षरं वाचता येतील असा शिक्का पडला तर तो लगेच शेजारच्याला दाखवतो, "हे खरं असंल का हो?" सातबारा आता संगणकावरून डिजिटल सहीचा येतो, त्यावर शिक्क्याची गरज नाही असं त्यावरच छापलेलं असतं. तरी म्हातारी माणसं तो हातात घेऊन म्हणतात, जरा शिक्का मारून द्या. टंकरचनाकारांनी रबरी शिक्क्यासारखे दिसणारे फॉन्ट काढले आहेत, पण मनगट कुणाला काढता आलेलं नाही.

या हौसेला सगळ्यात ठाम विरोध कुणाचा असेल तर रेडियमवाल्याचा. तो गाड्यांवर अक्षरं चिकटवतो. यंत्र रेडियमच्या कागदावर अक्षर कापतं आणि नको असलेला भाग त्याला सुईनं सोलून काढावा लागतो. ‘आई तुळजाभवानी प्रसन्न’ साध्या अक्षरात असेल तर चहा यायच्या आत होतं. तेच फुटक्या फॉन्टमध्ये असलं तर प्रत्येक अक्षरात तीळ-तीळ एवढे पन्नास ठिपके, आणि ते एकेक करून उचलायचे. उचलताना शिंक आली तर ‘प्रसन्न’मधला अर्धा न कपाळाला चिकटतो. एक जण नवा टेम्पो घेऊन आला आणि मागच्या फळीवर नाव फोडून लिहा म्हणाला. रेडियमवाला सुई खाली ठेवून म्हणाला, "भाऊ, आता साधंच चिकटवतो. एक सीझन ऊसतोडीला लावा गाडी. आपोआप फुटतंय." मला तरी या विषयावर एवढा नेमका सल्ला दुसऱ्या कुणाकडून ऐकायला मिळालेला नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. शहरातून तयार होऊन येणाऱ्या डिझाइनमध्ये भिंतीसारखी वरपासून खालपर्यंत भेग गेलेलं अक्षर फार असतं. या जिल्ह्यानं आणि शेजारच्या लातूरनं ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर खऱ्या भेगा पाहिल्या आहेत. पत्र्याच्या शेडमध्ये वर्ष-वर्ष काढलेल्या माणसाला घराच्या पाटीवर भेग नको असते, आणि का नको हे त्याला विचारायचं नसतं. फ्लेक्सवाला चांगला असेल तर ‘वास्तुशांती’च्या बॅनरला तो फॉन्ट स्वतःच दाखवत नाही.

बाकी कुणी कुठं वापरावा याला काही कायदा नाही, पण थोडं तारतम्य असावं. पतसंस्थेनं तर याच्या वाटेलाच जाऊ नये. सोमवारी तडा गेलेल्या अक्षरात बोर्ड लागला तर मंगळवारी ठेवीदार पासबुक घेऊन दारात बसतील. हाडांच्या डॉक्टरांनी वापरला तर एकवेळ समजून घेता येईल. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ला कृपा करून वापरू नका. गेलेला माणूस शांतपणे गेलेला असतो, त्याचं नाव दंगलीत सापडल्यासारखं दिसायला नको. आणि तुमचं दुकान ढाब्याचं असो, खव्याचं असो की वाघाचं, नाव हवं तेवढं फोडा, पण खालचा मोबाईल नंबर साध्या अक्षरात टाका. फुटक्या फॉन्टात आठाचा तीन दिसतो, आणि तुमच्या मटणाच्या ऑर्डरी गेले महिनाभर परांड्याच्या एका शाकाहारी गृहस्थांना जातायत.